विमान रद्द झाल्यावर 'मान्य' दाबण्यापूर्वी : नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

रात्री पावणेबारा वाजता मोबाइल वाजला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचे पुणे–नागपूर विमान 'परिचालनाच्या कारणास्तव' रद्द झाले असून आपल्याला त्याच दिवशी सायंकाळी साडेसातच्या विमानात जागा दिली आहे, असा तो संदेश होता. त्याखालच्या दुव्यावर दोन बटणे होती, एक 'मान्य' आणि दुसरे 'इतर पर्याय'. चुलत बहिणीचा साखरपुडा दुपारी होता, आई बॅग भरून निजली होती, आणि हातची जागाही जाऊ नये या धास्तीने मी 'मान्य' दाबले. आम्ही नागपुरात पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. पुढे आठवडाभराने मी भरपाईची मागणी केली, तेव्हा विमान कंपनीचे उत्तर दोन ओळींत आले : आपण पर्यायी विमान स्वीकारून प्रवास केला आहे, सबब भरपाई देय नाही. ते उत्तर वाचून संताप झाला, पण नियम काढून वाचल्यावर कळले की कंपनीचे म्हणणे नियमाला धरून होते. जो हक्क होता, तो मी त्या एका बटणाने सोडून दिला होता.

भारतातल्या नियमाचे मर्म 'किंवा' या एका शब्दात आहे आणि पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांना, क्वचित जाणाऱ्यांना तोच शब्द माहीत नसतो. म्हणून पुढील माहिती मी घटनाक्रमानेच देत आहे, म्हणजे संदेश येतो त्या क्षणापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशाची अपेक्षा ठेवू नये.

नियम नेमका काय आहे

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, विमान कंपन्यांसाठी जे बंधनकारक नियम काढते त्यांतील विभाग ३, मालिका एम, भाग ४ हा प्रवाशांना जागा नाकारणे, विमान रद्द होणे आणि विमानाला उशीर होणे या तीन प्रसंगांविषयी आहे. तो २०१० साली लागू झाला आणि त्यात नंतर अनेकदा सुधारणा झाल्या. डीजीसीएच्या संकेतस्थळावर तो मोफत वाचता येतो. अर्ज करण्यापूर्वी त्याची त्या दिवशी लागू असलेली प्रत उतरवून घ्यावी, कारण अर्जात कलमाचा उल्लेख असला की उत्तर देणाऱ्याला मोघम लिहिणे अवघड जाते.

विमान रद्द होण्याविषयी हा नियम वेळेनुसार प्रवाशांचे गट पाडतो. उड्डाणाच्या किमान दोन आठवडे आधी कंपनीने कळवले असेल, तर तिने प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी विमान द्यायचे किंवा पैसे परत करायचे. भरपाईचा प्रश्न येत नाही. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण उड्डाणाच्या किमान २४ तास आधी कळवले असेल, तरीही पर्यायी विमान किंवा परतावा एवढेच मिळते. भरपाईचे दार उघडते ते त्यानंतर, म्हणजे कंपनीने या मुदतीत कळवलेच नाही तेव्हा. अशा वेळी कंपनीने प्रवाशाला मान्य असलेले पर्यायी विमान द्यावे, किंवा तिकिटाची पूर्ण रक्कम परत करून शिवाय भरपाई द्यावी, असे नियम सांगतो.

हे वाक्य सावकाश वाचावे. 'किंवा'च्या एका बाजूला पर्यायी विमान आहे आणि दुसऱ्या बाजूला परतावा व भरपाई ही जोडी आहे. पर्यायी विमान स्वीकारले की सामान्यतः दुसरी बाजू मिटते. मात्र त्याच वाक्यात 'प्रवाशाला मान्य असलेले' हेही शब्द आहेत आणि ते आपल्या बाजूचे आहेत. तेरा तासांनंतरचे विमान कंपनीने परस्पर नावावर टाकले, एवढ्याने तिची जबाबदारी संपत नाही. ते आपल्याला मान्य आहे की नाही, हे आपण ठरवायचे असते, आणि आपण काही कळवण्याआधी यंत्राने टाकलेली ती जागा हा केवळ प्रस्ताव असतो.

संदेश आल्यावरची पहिली दहा मिनिटे

सर्वांत आधी त्या संदेशाचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घ्यावा. त्यात संदेश आल्याची तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, कारण २४ तासांचा हिशेब त्यावरच ठरतो. ई-मेलही तपासावा. कधीकधी ई-मेल आदल्या दुपारी येऊन पडलेला असतो आणि आपण पाहतो तो रात्रीचा लघुसंदेश, आणि मग कंपनी ई-मेलची वेळ धरते. ई-मेल आलाच नसेल, तर इनबॉक्स आणि स्पॅम या दोन्ही ठिकाणचे स्क्रीनशॉट त्याच वेळी घेऊन ठेवावेत.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ज्या प्रवाशाने तिकीट काढताना संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही, त्याला आर्थिक भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही. आपल्याकडे गावातल्या एजंटाकडून, सहल कंपनीकडून किंवा ओळखीच्या मुलाकडून तिकिटे काढण्याची पद्धत आहे, आणि अशा तिकिटावर बहुधा एजंटाचाच मोबाइल क्रमांक असतो. संदेश त्याला जातो, तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पाहतो, आणि कंपनी म्हणते की आम्ही नोंदलेल्या क्रमांकावर वेळेत कळवले होते. यावर उपाय साधा आहे : तिकीट हाती आल्याबरोबर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून संपर्क क्रमांक पाहावा आणि आपला स्वतःचा क्रमांक व ई-मेल नोंदवून घ्यावा. घरातील ज्येष्ठ मंडळी एकटी जात असतील, तर मुलाचा किंवा मुलीचा क्रमांकही सोबत द्यावा.

त्यानंतर निर्णय. माझे मत असे की हा निर्णय पैशाकडे पाहून घेऊ नये, कामाकडे पाहून घ्यावा. पर्यायी विमानाने आपले काम होत असेल, तर ते घ्यावे आणि भरपाईचा विचार सोडून द्यावा. त्याने काम होत नसेल, तर 'मान्य' न दाबता कंपनीला त्याच रात्री ई-मेल करावा की देऊ केलेले विमान मला मान्य नाही, अमुक वेळेपर्यंत पोचवणारे दुसरे विमान द्यावे, आणि ते शक्य नसल्यास पूर्ण परतावा व नियमानुसार भरपाई द्यावी. फोनवर बोलणे झाले तरी ई-मेल करावाच. फोन लावल्यास तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि बोलणाऱ्याचे नाव व वेळ टिपून ठेवावी.

हा निर्णय झाल्याशिवाय नव्या विमानाचा वेब चेक-इन करू नये. बोर्डिंग पास काढला म्हणजे पर्याय स्वीकारला, असे कंपनी म्हणू शकते आणि त्यावर वाद घालणे पुढे जड जाते.

विमानतळावर पोचल्यावरच रद्द झाल्याचे कळले तर

अशा वेळी काउंटरपुढे रांग लागते, लोक चढ्या आवाजात बोलत असतात आणि पलीकडचा कर्मचारी, ज्याने विमान रद्द केलेले नसते, ते सगळे ऐकून घेत उभा असतो. त्याच्याशी सौम्यपणे बोलून तीन गोष्टी मागाव्यात : विमान रद्द झाल्याचे लेखी प्रमाणपत्र, त्यात रद्द होण्याचे कारण, आणि खाण्यापिण्याची सोय. मूळ विमानासाठी विमानतळावर आलेल्या प्रवाशाला पर्यायी विमानाची वाट पाहताना, त्या वेळेच्या मानाने जेवण व अल्पोपाहार देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि हवामानामुळे विमान रद्द झाले तरी ही जबाबदारी टळत नाही. डिसेंबर २००७ मध्ये धुक्यामुळे अडकलेल्या एका दिल्ली–हैदराबाद विमानाच्या प्रकरणात, इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला. त्यात धुक्याच्या उशिराबद्दल कंपनीला दोषी धरले नाही, पण स्वस्त दराची विमान कंपनी असली तरी अडकलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी पाहणे तिला टाळता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

काउंटरवरून लेखी काही मिळाले नाही, तर फलकाचा फोटो काढावा. त्यावर आपला विमान क्रमांक व 'रद्द' हा शब्द तर दिसलाच पाहिजे, पण त्याच्या खालीवरची इतर विमानेही दिसली पाहिजेत. त्याचे कारण पुढे येते. स्वतः पैसे देऊन काही खाल्ले असेल, टॅक्सी केली असेल, तर पावत्या जपाव्यात. थर्मल कागदावरची पावती काही काळाने पुसट होते, म्हणून तिचाही लगेच फोटो घ्यावा.

रद्द, उशीर आणि जागा नाकारणे यांत गल्लत नको

विमानाला नुसता उशीर झाला असेल, तर भारतात रोख भरपाई नाही. उशीर किती यावर जेवण, सहा तासांपेक्षा जास्त झाल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि २४ तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास, अथवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास, हॉटेलची सोय असते.

जागा नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. पक्के तिकीट असून, वेळेत पोचूनही, जास्त तिकिटे विकल्यामुळे बसू दिले नाही, तर कंपनीने मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या विमानात बसवल्यास काही मिळत नाही. २४ तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात बसवल्यास मूळ भाडे व इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा बसवल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. पर्यायी विमान नकोच म्हटले, तर पूर्ण परतावा आणि चौपट, कमाल २०,००० रुपये. येथे पर्यायी विमान स्वीकारूनही भरपाई मिळते. त्यामुळे 'विमान भरले आहे, तुम्हाला पुढच्या विमानात पाठवतो' असे तोंडी सांगितले जात असेल, तर आपले मूळ विमान सुटले की रद्द झाले याची नोंद करून ठेवावी. ते सुटले असेल, तर आपला दावा या प्रकारात मोडतो आणि तो अधिक भक्कम असतो.

किती रक्कम मागायची

विमान रद्द होण्याच्या भरपाईची कमाल मर्यादा 'ब्लॉक टाइम'वरून ठरते. विमान निघण्याच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबेपर्यंतचा तो वेळ. व्यवहारात तिकिटावर छापलेली सुटण्याची आणि पोचण्याची वेळ यांतील फरक धरावा. एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, एक तासाहून जास्त व दोन तासांपर्यंतच्या उड्डाणास ७,५०० रुपये आणि दोन तासांहून जास्त उड्डाणास १०,००० रुपये, अशी ती मर्यादा आहे. पण ही रक्कम सरसकट मिळत नाही. एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क ही बेरीज आणि वरची मर्यादा, या दोहोंत जी रक्कम कमी असेल ती मिळते.

माझ्या मेहुण्याचे पुणे–नागपूर विमान पुढच्या वर्षी असेच आदल्या रात्री रद्द झाले, तेव्हा आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर तिकीट पसरून हिशेब केला. एकूण ६,३५० रुपये भरलेले होते. त्यात मूळ भाडे ४,४००, इंधन शुल्क ६००, आणि उरलेले १,३५० म्हणजे जीएसटी, विमानतळाचे वापरकर्ता शुल्क, सुरक्षा शुल्क व सेवाशुल्क वगैरे. उड्डाण सव्वा तासाहून थोडे जास्त, म्हणून मर्यादा ७,५०० रुपये. ४,४०० अधिक ६०० म्हणजे ५,०००, ही बेरीज ७,५०० पेक्षा कमी. म्हणून मागणी अशी झाली : ६,३५० रुपये परतावा आणि त्याशिवाय ५,००० रुपये भरपाई. त्याने ७,५०० मागितले असते, तर कंपनीला 'मागणी नियमबाह्य आहे' एवढे म्हणून महिनाभर ढकलता आले असते.

जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र असल्यास रद्द झालेल्या बाजूचेच भाडे धरावे. कुटुंबातील प्रत्येक प्रवाशाचा हिशेब स्वतंत्र होतो, म्हणून एका पीएनआरवर चार जण असतील, तर अर्जात चौघांची नावे आणि चार स्वतंत्र रकमा लिहाव्यात. एजंटाकडून घेतलेल्या तिकिटावर भाड्याचे हे तुकडे दिसत नाहीत. अशा वेळी पीएनआर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून जीएसटीचे बिल उतरवून घ्यावे किंवा तपशील ई-मेलने मागवावा.

कारणाचा प्रश्न

दावा बहुतेक वेळा अडतो तो येथे. कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीमुळे विमान रद्द झाले असेल, तर भरपाई देय नसते. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान, सुरक्षेचा धोका, ही नियमातील नावे आहेत आणि त्यांच्या शेवटी 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची इतर कारणे' असे मोठे तोंड ठेवलेले आहे. 'परिचालनाचे कारण' हा शब्द मात्र त्या यादीत नाही. तो काहीच सांगत नाही, म्हणून त्यावर समाधान मानू नये. नेमके कोणते कारण, ते नियमातील कोणत्या शब्दाखाली येते आणि ते टाळण्यासाठी कंपनीने काय केले, हे लेखी विचारावे. तांत्रिक बिघाडाचे नावही त्या यादीत नाही. कर्मचारी कमी असणे हेही नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्या वेळी ऐन वेळी विमान रद्द झालेल्यांना कंपनीने सरकारी नियमांनुसार ५,००० ते १०,००० रुपयांची भरपाई जाहीर केली आणि सर्वाधिक फटका बसलेल्यांना त्याव्यतिरिक्त १०,००० रुपयांची प्रवास-व्हाउचरही जाहीर केली.

हवामानाचे कारण दिले असेल, तर ते पडताळून पाहता येते. विमानतळावरच्या हवामानाच्या नोंदी दर अर्ध्या तासाने प्रसिद्ध होतात, त्यांना मेटार म्हणतात आणि त्या जुन्या तारखांच्याही पाहता येतात. त्यांतील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. पहाटे सहाच्या विमानासाठी त्याच तारखेची रात्री साडेबाराची (००.३०) नोंद पाहायची, हे विसरले की सगळा पुरावा चुकीच्या वेळेचा ठरतो. यापेक्षा सोपा पुरावा म्हणजे फलकाचा तो फोटो. त्याच तासात, त्याच धावपट्टीवरून, त्याच गावाकडे दुसऱ्या कंपनीचे विमान वेळेवर गेले असेल, तर 'हवामान' या उत्तरावर प्रश्न विचारण्यास जागा राहते. पण प्रामाणिकपणे हेही पाहावे की ज्या विमानाने आपल्याला न्यायचे होते ते आधी कुठून येणार होते. दिल्लीच्या धुक्यात अडकलेले विमान पुण्याच्या निरभ्र सकाळी येऊ शकत नाही, आणि अशा वेळी कंपनीचे म्हणणे खरे असते. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या विमानाची त्या दिवशीची आधीची उड्डाणे दिसतात. दावा करण्यापूर्वी ती पाहणे हिताचे.

अर्ज

पहिला अर्ज विमान कंपनीकडेच करायचा असतो. तो संकेतस्थळावरच्या चौकटीत भरला, तरी त्याची प्रत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ई-मेलने पाठवावी. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकारी आणि त्यांच्यावरचे अपील अधिकारी यांचे पत्ते असतात, बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत. मजकूर इंग्रजीत असला तर काम लवकर होते, पण आधी तो मराठीत नीट मांडून घ्यावा. तो असा असू शकतो :

'माझे अमुक तारखेचे, अमुक क्रमांकाचे पुणे–नागपूर विमान (पीएनआर अमुक) सकाळी ६.१० वाजता सुटणार होते. ते रद्द झाल्याचा पहिला संदेश मला आदल्या दिवशी रात्री ११.४४ वाजता, म्हणजे उड्डाणापूर्वी साडेसहा तासांपेक्षा कमी अवधी असताना मिळाला. आपण देऊ केलेले सायंकाळचे विमान मला मान्य नसल्याचे मी त्याच रात्री १२.१० वाजता ई-मेलने कळवले आहे व त्या विमानाने प्रवास केलेला नाही. सबब डीजीसीएच्या नियमावलीतील विभाग ३, मालिका एम, भाग ४ नुसार तिकिटाचा पूर्ण परतावा ६,३५० रुपये आणि भरपाई ५,००० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावी. असाधारण परिस्थिती होती असे आपले म्हणणे असल्यास तिचे स्वरूप व त्यासंबंधीची नोंद लेखी कळवावी. संदेशाचा व ई-मेलचा स्क्रीनशॉट, तिकीट आणि भाड्याचा तपशील सोबत जोडला आहे.'

यात राग नाही, विशेषणे नाहीत आणि साखरपुड्याचा उल्लेखही नाही. मनस्तापाची हकीकत पुढे ग्राहक आयोगापुढे मांडायची असते. येथे तारखा, वेळा आणि आकडे पुरेत.

कंपनीने उत्तरात व्हाउचर देऊ केले, तर ते घेण्याची सक्ती नाही. भरपाई रोख किंवा बँकेमार्फत द्यायची असते आणि प्रवाशाने सही करून संमती दिली तरच व्हाउचरच्या रूपाने देता येते. वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्या माणसाला मुदतीचे व्हाउचर बहुधा निरुपयोगी ठरते, म्हणून मी ते घेऊ नये असेच सांगेन. एजंटाकडून तिकीट काढले असल्यास परताव्यासाठी 'एजंटाला विचारा' असे उत्तर येते. पण एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी असल्याने परतावा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, असे डीजीसीएचा परताव्याविषयीचा नियम सांगतो.

उत्तर आले नाही किंवा नकार आला तर

पुढची पायरी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एअरसेवा हे पोर्टल व ॲप. तेथे तक्रार नोंदवली की ती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते आणि तिचा प्रवास आपल्याला दिसत राहतो. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार एकाच पीडीएफमध्ये जोडावा. मेहुण्याच्या अर्जाला कंपनीने तीन आठवडे दाद दिली नव्हती. एअरसेवावर तक्रार टाकल्यावर नवव्या दिवशी फोन आला. प्रत्येकाचे असेच होईल असे नाही. एअरसेवा हे न्यायालय नाही, आणि कंपनीने 'असाधारण परिस्थिती' असे लिहून तक्रार बंद केली तर तेथे फारसे पुढे जाता येत नाही. याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तेथे मराठीत बोलता येते.

तरीही निकाल लागला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. या कायद्याने एक मोठी सोय केली आहे, ती म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी वर्ध्याच्या प्रवाशाने वर्ध्यातच तक्रार करावी. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते, सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांचे अनेक आदेश मराठीत असतात आणि तक्रारही मराठीत करता येते.

ज्यांनी नाइलाजाने पर्यायी विमान स्वीकारले, त्यांच्यासाठीही हेच दार आहे. डीजीसीएच्या नियमातील भरपाई त्यांना मिळणार नाही, पण सेवेतील त्रुटी, झालेला प्रत्यक्ष खर्च आणि मनस्ताप यांबद्दल आयोग वेगळा विचार करू शकतो, आणि तो डीजीसीएच्या ५,००० किंवा १०,००० या आकड्यांना बांधील नसतो. येथे जपून ठेवलेल्या पावत्या कामी येतात. पर्यायी विमान घेताना 'दुसरा उपाय नसल्याने स्वीकारत आहे, माझे हक्क राखून ठेवत आहे' असा दोन ओळींचा ई-मेल केलेला असल्यास त्याचे वजन पडते. मी तो केला नव्हता.

जोड-विमाने आणि परदेशप्रवास

नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरहून मुंबईला येऊन तेथून पुढे जाणाऱ्यांनी एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी. पहिले विमान रद्द झाल्यामुळे पुढचे चुकले, तर नियमाचे संरक्षण दोन्ही प्रवास एकाच तिकीट क्रमांकावर असतील तरच मिळते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी मुंबईपर्यंतचे तिकीट वेगळे काढले, तर चुकलेल्या लंडनच्या विमानाचे नुकसान आपल्याच माथी येते. पुढचा प्रवास परदेशाचा असेल, तर माझ्या मते मुंबईत आदल्या दिवशी पोचावे किंवा सगळे एका तिकिटावर घ्यावे.

युरोप आणि ब्रिटनमधून निघणाऱ्यांचे हक्क मात्र बरेच मोठे आहेत आणि लंडनहून, फ्रँकफर्टहून घरी येणाऱ्या आपल्या मंडळींना ते अनेकदा ठाऊक नसतात. युरोपीय संघाच्या नियम २६१/२००४ प्रमाणे संघातील कोणत्याही विमानतळावरून निघणारे विमान, मग ते भारतीय कंपनीचे का असेना, १४ दिवसांपेक्षा कमी अवधीत कळवून रद्द केले तर ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासास ६०० युरोपर्यंत भरपाई असते. ब्रिटनच्या त्याच धर्तीच्या कायद्यात ही रक्कम ५२० पौंड आहे. भारताच्या आणि तेथील नियमांत कळीचा फरक असा की तेथे पर्यायी विमानाने प्रवास केला तरी भरपाईचा हक्क राहतो. पर्यायी विमान मूळ वेळेच्या फार मागेपुढे नसेल तरच तो कमी होतो किंवा जातो. लांबच्या प्रवासात चार तासांच्या आत पोचवल्यास रक्कम निम्मी होते. मुंबईहून तिकडे जाताना हा कायदा लागू होण्यासाठी विमान युरोपीय कंपनीचे, किंवा ब्रिटनला जाताना ब्रिटिश अथवा युरोपीय कंपनीचे, असावे लागते. तेथेही असाधारण परिस्थितीचा अपवाद आहे, पण नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, असा युरोपीय न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. भारतात येणाऱ्या परदेशी कंपन्यांना त्यांच्या मूळ देशाच्या नियमाप्रमाणे किंवा भारतीय नियमातील रकमांप्रमाणे भरपाई देण्याची मुभा आहे, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या देशाचा नियम पाहून घ्यावा.

पैसे जमा झाल्यावर

कंपनी परतावा आणि भरपाई बहुधा वेगवेगळ्या दिवशी पाठवते. परतावा ज्या कार्डाने पैसे भरले त्या कार्डावर जातो आणि भरपाई बँक खात्यात येते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी नोंदी पाहाव्यात. मेहुण्याच्या खात्यात ५,००० रुपये आले तेव्हा सोबत एक ई-मेल होता की हे आपल्या तक्रारीचे पूर्ण व अंतिम समाधान समजून 'सहमत' कळवावे. कार्डावर मात्र परताव्याचे ५,९०० रुपयेच आलेले होते, म्हणजे ४५० रुपये कमी. त्याने 'सहमत' न लिहिता भरपाई मिळाल्याची पोच दिली आणि उरलेल्या ४५० रुपयांचा तपशील मागितला. ते सहा दिवसांनी जमा झाले, आणि त्यानंतरच त्याने एअरसेवावरची तक्रार बंद केली.